वाचणारा वेगळा, लिहिणारा वेगळा

काटेवाल्यांचं तोंड सकाळी दहाला उघडायचं आणि संध्याकाळी सहाला बंद व्हायचं. खाण्यापुरतं, बरं का. बोलायला ते दिवसभर उघडंच होतं, आणि गेले पाच महिने त्यातून एकच विषय बाहेर पडत होता: सोळा तास उपाशी राहायचं, उरलेल्या आठ तासांत काय ते खायचं, आणि त्याने माणसाच्या शरीराचं कसं सोनं होतं.

वहिनी घरी यायच्या आठला. भांडण होतं ते एवढंच.

सगळा बाजार त्यांना काटेवाले म्हणायचा, कारण दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायचे, दुरुस्त करायचे आणि सील ठोकून परत द्यायचे, हे काम ते तीस वर्षं करत होते. आणि काटेवाल्यांची बायको म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. वहिनी लाँड्रीच्या काउंटरवर असायच्या. कपडे मोजून घ्यायचे, डाग उजेडात धरून बघायचे, चिठ्ठी टाचायची, आणि 'हा डाग आमच्याकडे पडला नाही' हे रोज दहा जणांना दहा वेळा सांगायचं. साडेसातला शटर ओढलं की पाय ओढत घरी.

सकाळी दोघांचीही पळापळ. त्यामुळे दोघांना एकमेकांशी धड बोलायला मिळायचं ते आठच्या जेवणाला, स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी. कोणाच्या कोटाच्या खिशात कोणाची चिठ्ठी सापडली, कोणत्या मासेवाल्याने काट्याखाली चुंबक चिकटवला होता, लेकीचा फोन का आला नाही. भाजी कशी का झालेली असेना, बोलणं चवीचं असायचं. इतक्या वर्षांत त्यांनी सहलीला जायचं असं अकरा वेळा ठरवलं आणि एकदाही गेले नाहीत, पण आठचं जेवण कधी चुकलं नाही.

मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं विस्कटलं. रक्त तपासून म्हणाल्या, "साखर काठावर आहे. वजन उतरवा. पण दोन महिन्यांची नाटकं नकोत, आयुष्यभर जमेल असंच काहीतरी करा." काटेवाल्यांनी त्यातला 'आयुष्यभर' हा शब्द तेवढा उचलला, कुठल्याशा व्याख्यानाला जाऊन आले, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात दहा ते सहा लागू झालं.

वहिनींनी पहिल्याच आठवड्यात सांगून पाहिलं. "अहो, दहा ते सहाऐवजी बारा ते आठ करा ना! आठ तास ते आठच राहतील. कोण तुम्हाला पकडायला येणार आहे?"

"अगं, झोपण्याआधी पोट रिकामं हवं. आणि एकदा सील ठोकलेल्या काट्याला हात लावायचा नसतो."

"तुम्ही काटा आहात का?"

यावर त्यांनी वहिनींना पचनाचं शास्त्र समजावलं. अर्धा तास! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, फक्त घडा कोण आणि पाणी कोण यावर त्यांचं एकमत झालं नसतं.

पहिले पंधरा दिवस वहिनींनी रीतसर ताट वाढून घेतलं. समोर रिकामी खुर्ची. बाहेरच्या खोलीतून आवाज, "अगं, दार लावून घे, वास येतो!" त्या दार लावून घ्यायच्या आणि भिंतीकडे बघत जेवायच्या. मग ताट नको वाटायला लागलं. ओट्याशी उभं राहून पातेल्यातूनच चार घास. मग तेही जाईना. चहा आणि दोन बिस्किटं, की झालं. सकाळी उठून त्यांच्यासाठी डब्यात भात-भाजी भरायची, स्वतःसाठी भरायला वेळ उरायचा नाही. लाँड्रीतली इस्त्रीवाली म्हणाली, "वहिनी, ब्लाऊज तुमचाच आहे का? का गिऱ्हाइकाचा घालून आलात?" वहिनी हसल्या आणि विसरल्या.

लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, बाबा सिगारेट ओढत नाहीत, पीत नाहीत, स्वतःची तब्येत सांभाळतायत. लोकांचे नवरे बघ एकदा! तुझी तक्रार तरी कशाची?"

आता काय सांगणार, कपाळ! नवरा दारू पितो म्हटलं तर चार जण हळहळतात. नवरा सहानंतर जेवत नाही म्हटलं तर चार जण त्याचा नंबर मागतात. बरं, तो गुणाने वागतोय हेही खरंच. राग यायचा आणि तो ठेवायला जागा नाही, म्हणून तो भांड्यांवर निघायचा.

रविवारी सकाळी वजन. त्याचाही विधी होता. न्हाणीघराच्या दाराशी सपाट लाद्यांवर काटा, साधाच, पायांपाशी तबकडी असलेला. काटेवाले त्यावर ताठ उभे राहायचे, नजर समोर, कारण वाकलं की भार सरकतो. आणि त्यांच्या धंद्याचा एक नियम होता, तो त्यांनी गुरूकडून घेतला होता आणि जिवापलीकडे पाळला होता: वाचणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. ज्याला आकडा हवा असतो त्याने तो वाचायचा नाही; त्याला हवा तोच दिसतो. तेव्हा वहिनींनी ओणवं व्हायचं, तबकडी वाचायची, मोठ्याने आकडा सांगायचा, आणि काटेवाल्यांनी उभ्या उभ्या वहीत लिहायचा. पहिल्या रविवारी दोघांची वजनं झाली होती. ते अठ्ठ्याऐंशी, वहिनी एकसष्ट. "मला नको ती थेरं," म्हणून वहिनी पुन्हा चढल्या नाहीत.

दोन महिन्यांनी आकडा अडला. शहाऐंशी, शहाऐंशी, पुन्हा शहाऐंशी. काटेवाल्यांचा चेहरा पडला. वहिनींनी पुन्हा आठच्या जेवणाचं काढलं. "ऐंशीला पोचलो की मग बघू," ते म्हणाले, "तोवर धीर धर."

ऐंशीला पोचलो की मग बघू! वहिनींनी ते वाक्य आठवडाभर मनात घोळवलं. पुढच्या रविवारी त्या ओणव्या झाल्या, तबकडीवर शहाऐंशी बघितले, आणि म्हणाल्या, "पंच्याऐंशी."

जीभ जराशी चाचरली. पण काटेवाल्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, आणि खोटं बोलायला जमतं हे एकदा कळलं की पुढचं उतारावरून घरंगळतं. आकडा खराही उतरत होता, पण मुंगीच्या पावलाने. वहिनी आपल्या पावलाने उतरवत होत्या. काटेवाल्यांचा कंबरपट्टा वहीतल्या नऊ किलोंत जेमतेम एक भोक सरकला, पण आपल्याला हवं तेच ऐकू येत असलं की पट्ट्याकडे कोण बघतो?

पाचव्या महिन्यात वहिनींनी ऐंशी वाचलं. वाचलं काय, गायलंच. संध्याकाळी लाँड्रीतून अर्धा तास लवकर सुटका मागून घेतली, भाजी ताजी केली, दोन ताटं मांडली.

काटेवाले खुर्चीच्या पाठीला हात लावून उभे राहिले. डोळ्यांत पाणी. "अगं, लागू पडलं! आता कशाला सोडतोय? आता आयुष्यभर!" आणि घड्याळाकडे बघून बाहेरच्या खोलीत निघून गेले.

करायला गेले काय आणि झालं काय! वहिनींनी दुसरं ताट उचलून ठेवलं. मग पहिलंही.

पुढच्या रविवारी त्यांनी हिय्या करून एकोणऐंशी वाचलं, कारण आता वर तरी कसं जाणार? आणि त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे तपासणी निघाली.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. साखर काठावरून मागे सरली होती. "चार किलो उतरलेत. चौऱ्याऐंशी. असंच सावकाश उतरायला हवं."

"एकोणऐंशी," काटेवाले म्हणाले.

"चौऱ्याऐंशी. आत्ताच केलं ना आपण?"

"डॉक्टर, तुमचा काटा पाच किलो पुढे आहे." ते अगदी हळू आवाजात म्हणाले. हा आवाज ते चुंबकवाल्या मासेवाल्याशी बोलताना लावायचे. "इथे लहान मुलांची औषधं वजनावर ठरतात ना? मी उद्या माझी वजनं घेऊन येतो."

वहिनी पर्स छातीशी धरून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही सुट्टी. काटेवाल्यांनी वर्कशॉपमधून वीस-वीस किलोंची चार वजनं आणली, दोन खेपा करून, घामाघूम होत. "दुसऱ्याचं बघण्याआधी आपलं तपासावं," म्हणून आधी घरच्या काट्यावर मांडली. वीस. चाळीस. साठ. ऐंशी. केसाचाही फरक नाही.

"बघितलंस? आपला काटा चोख. म्हणजे दवाखान्याचाच खोटा." ते चष्मा पुसायला लागले. "लेखी तक्रार करणार मी. सील कोणी ठोकलं तेही शोधतो. नोकरी जाईल त्याची!"

आता मात्र वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या नवऱ्याचं दवाखान्यात हसं होणार, ते एक. आणि कोण कुठला सीलवाला, त्याच्या पोटावर पाय, तो आपल्यामुळे.

"काटा खोटा नाही," त्या म्हणाल्या. "मी खोटं वाचलं."

काटेवाले चष्मा पुसत राहिले.

"ऐकलंत का? शहाऐंशी असताना पंच्याऐंशी वाचलं. मग तसंच पुढे. तुम्ही म्हणालात ऐंशीला पोचलो की बघू, म्हणून मी पोचवलं तुम्हाला ऐंशीला. वाटलं, एकदाचं संपेल!"

"तू वाचणारी होतीस," ते म्हणाले. "अगं, वाचणाऱ्याने…" तीस वर्षांत कोणी त्यांना लाच देऊ शकलं नव्हतं, आणि घरातल्या घरात हे! ते उठले, बसले, पुन्हा उठले. "उभी राहा काट्यावर."

"कशाला?"

"उभी राहा म्हणतो ना! वाचतात कसं ते दाखवतो. आज मी वाचणार, तू लिहायचं."

वहिनी चपला काढून चढल्या. चूक आपली होती, म्हणून वहीही घेतली. काटेवाले गुडघे टेकून खाली बसले, चष्मा लावला, काढून पुसला, पुन्हा लावला.

"वाचा की!"

"चोपन्न."

"अहो, सूड उगवायचा तर जरा पटेल असा तरी उगवा. एकसष्ट आहे मी. लिहिलंय इथे."

"उतर." त्यांनी दोन वजनं ठेवली. चाळीस. तिसरं ठेवलं. साठ. काढली. "चढ." पुन्हा वाकले. "उतर." पुन्हा वजनं. काट्याखालच्या लाद्यांवरून हात फिरवला, काटा एक वीत सरकवला, पुन्हा तेच.

वहिनींचे पाय भरून आले. "चढ-उतर, चढ-उतर! ही काय शिडी आहे का? काटा बरोबर आहे म्हणून तुम्हीच सांगितलंत ना मघाशी?"

"काटा बरोबर आहे," काटेवाले म्हणाले. त्यांनी मान वर केली. वहिनींच्या मनगटाकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं. "तूपण उपास धरलायस? मला न सांगता?"

"मी कशाला उपास धरू?" वहिनींचा आवाज चिरकला. "मला भूक लागते! शटर ओढताना पोटात कावळे ओरडत असतात रोज. घरी येते, तुम्ही म्हणता दार लाव, मी लावते. आणि मग घास गिळत नाही. एकटीला जेवण जात नाही मला. इतकी वर्षं कधी एकटी जेवलेय का मी?"

काटेवाले तिथेच लादीवर बसले, वजनांच्या मधोमध.

"मी चार उतरवले," ते म्हणाले. "घड्याळ लावून, पाच महिने. आणि तू सात."

वहिनींकडे बोलायचं म्हणून साठवलेलं खूप होतं, पण त्यांना एकदम दमल्यासारखं झालं, आणि त्या काट्यावरून उतरून त्यांच्याशेजारी खाली बसल्या.

काटेवाल्यांनी वही मागून घेतली. पहिल्या पानावरचं 'दहा ते सहा' खोडलं आणि वर लिहिलं, 'बारा ते आठ'. जरा विचार केला. "पण मग साडेसातला वाढायला हवं हं. आठच्या ठोक्याला शेवटचा घास."

"अहो, मी घरात येतेच आठला!"

"हो की," ते म्हणाले. तेही खोडलं, आणि लिहिलं, 'एक ते नऊ'.