पेटीतले दगड

दोरांवरून वर येता येता पेटीचा तळ फुटला आणि धाडधाड दगड खाली कोसळले. हाडं नाहीत, कवटी नाही. नुसते दगड.

"कुणाचं थडगं उकरलंत रे?" काठावरून मापालेसा किंचाळली. "माणूस कुठाय माझा?"

थडगं तिच्या नवऱ्याचंच, त्सेलिसोचं होतं. गावाखालून हिऱ्याच्या निळ्या दगडाची एक अरुंद भिंत जमिनीत उभी घुसली होती. ती नेमकी थडग्यांखालून जात होती, म्हणून खाणवाले थडगी वरच्या माळावर हलवत होते. मापालेसा स्वतः त्याच खाणीत हातोडा चालवायची. पाताळातून वर येताना हा निळा दगड वाटेतले परके दगड पोटात घेऊन येतो. ते फोडून बाजूला टाकायचं तिचं काम. बायका त्यांना पाहुणे म्हणत. त्यातून लाल-हिरव्या ठिपक्यांचा निघाला की "जावई आला गं!" म्हणून खिदळत.

आता तिने खाली उतरून एक दगड हातात घेतला. करडा, अंगभर पांढरे गोल गोटे रुतलेला. असला तिने जन्मात फोडला नव्हता. हा दगड इथला नव्हता, पेटीतूनच आला होता. तिने वर दिराकडे, मोएकेत्सीकडे पाहिलं.

मोएकेत्सी आणि त्सेलिसो सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत बरोबर कामाला होते. त्सेलिसो गेला तेव्हा ही पेटी मोएकेत्सीनेच खिळे ठोकून आणली होती. चेहरा राहिलेला नाही, उघडू नका, म्हणाला होता. तिने डोकं भादरलं, वर्षभर काळं नेसली, दुसरं स्थळ आलं ते दारातूनच परतवलं.

"भावोजी, तोंड उघडा."

"वहिनी, छत बसलं खाली. काढता नाही आलं त्याला." मोएकेत्सीला खोकल्याची उबळ आली. "आईचा निरोप आला, माझ्या पोराला घेऊनच ये. काय घेऊन येणार होतो? तो खणत होता, त्याच गाळ्यातले हे दगड."

"आणि मी इतकी वर्षं दगडाशी बोलले? लेकीचं, पालेसाचं लग्न ठरलं तेव्हा इथं येऊन ह्यांना आधी सांगितलं मी! तुम्ही मागं उभे होतात, भावोजी. शेजारी उभे होतात!"

तिचा संताप अनावर झाला होता, आणि त्याच्या तळाशी एक भलतीच भीती होती.

"लगेच गेले का?"

मोएकेत्सी फावडं घेऊन खाली उतरला.

"भावोजी!"

"दोन दिवस ठोकत होता आतून. आम्हाला ऐकू यायचं. मग थांबलं."

खाणीच्या मुकादमाने डोक्यावरची टोपी काढली.

"तार करायचीत," ती म्हणाली. "मी आले असते. वरून हाक तरी मारली असती."

मोएकेत्सी रडत रडत फावड्याने दगड गोळा करू लागला. तिने फावडं काढून घेतलं आणि एकेक दगड हाताने उचलून नव्या पेटीत ठेवला. नवऱ्यासाठी आणलेली घोंगडी त्यांच्यावर पसरली, आणि गावातले पुरुष लावतात तशी उजव्या खांद्याच्या जागी पिन लावून दिली.