चटईखालची किल्ली

मी एक भाड्याची गाडी. लगेच नाक मुरडू नका. भाड्याची असले तरी मी आजवर कुणाला वाटेत सोडलेलं नाही, आणि एका लग्नाला तर मी उलटी चालत गेलेली आहे.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्या पांढऱ्या बहिणी इतक्या, की एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. सुरुवातीची वर्षं अथेन्सच्या विमानतळावर एका मोठ्या कंपनीत गेली. तिथे सगळे माझ्याकडे संशयाने बघत. गाडी घेणारा माझ्याभोवती फिरून ओरखड्यांचे फोटो काढी, गाडी परत घेणारा चष्मा लावून नवा ओरखडा शोधी. सापडला की दोघांची जुंपली म्हणून समजा. मी चांगली धावते, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नसे.

पुढे मी जुनी झाले आणि मला पांडेलिस नावाच्या एका गाड्या भाड्याने देणाऱ्याने विकत घेतलं. बोटीत घालून त्याने मला इकारिया बेटावर आणलं, एव्दिलोसच्या बंदरात. त्याचं ऑफिस म्हणजे कॉफीच्या दुकानातलं कोपऱ्यातलं टेबल. त्याच्याकडच्या गाड्यांत मी सगळ्यात स्वस्त. पण पहिल्याच दिवशी त्याने माझं दार उघडंच ठेवलं, किल्ली पायाखालच्या चटईखाली सरकवली आणि तो घरी जेवायला गेला. मला रडूच यायचं बाकी होतं. एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकलाच नव्हता.

परदेशी पाहुण्यांना मात्र हा विश्वास पचत नसे. फोनवर त्यांची ठरलेली प्रश्नावली.

"अनामत किती?"

"कसली अनामत?"

"क्रेडिट कार्ड?"

"ते तुमच्याकडेच राहू द्या."

"आणि गाडी चोरीला गेली तर?"

"अहो, चारी बाजूंना समुद्र आहे. चोर जाऊन जाऊन जाणार कुठे? पेट्रोल भरायला आमच्या मेहुण्याकडेच येईल."

यावर बरेचजण फोन ठेवून देत. एवढं स्वस्त, वर अनामत नाही, म्हणजे यात काहीतरी गोम असणारच. माणसांची ही गंमत मला कधी कळली नाही. स्वस्त मिळावं म्हणून दारोदार फिरतात आणि मिळालं की घाबरतात.

बोझेना नावाची एक पोलिश नर्स मात्र घाबरली तरी फोन ठेवेना. पैसे साठवून ती पहिल्यांदाच एकटी फिरायला निघाली होती. तिच्याकडे क्रेडिट कार्ड नव्हतं, म्हणून चार ठिकाणी तिला नकार मिळाला होता. तिने बोटीवरून फोन केला तेव्हा पांडेलिस एका हाताने टाय बांधत होता.

"धक्क्यावर पांढरी गाडी आहे," तो म्हणाला. "दार उघडंच आहे, किल्ली चटईखाली. काम झालं की तिथेच आणून ठेवा. मी जरा घाईत आहे, आज मुलीचं लग्न आहे माझ्या."

इथेच घोळ झाला. इकारियात किल्ली चटईखाली ठेवणारा पांडेलिस एकटा नाही. सगळं बेटच तसं आहे.

आता जरा लग्नाकडे वळू. पांडेलिसची मुलगी कालिरोई हिचा नवरा मालवाहू जहाजावर कामाला. दोन दिवसांनी त्याचं जहाज सुटणार, ते थेट हिवाळ्यानंतर परतणार. त्यात तो जुलैचा शेवटचा दिवस. ऑगस्ट लागला की येशूच्या आईचे, मरियमचे उपास सुरू, आणि त्या दिवसांत आमच्याकडे लग्न लागत नाही. पाद्रीबाबांनी बजावून ठेवलं होतं, सूर्य बुडायच्या आत मुकुट डोक्यावर चढले पाहिजेत.

हे मुकुट म्हणजे फितीने एकमेकांना बांधलेली पांढऱ्या फुलांची जोडी; ती नवरानवरीच्या डोक्यांवर चढली की लग्न लागलं. ते आणायचे नवऱ्याच्या जिवलग मित्राने, म्हणजे स्तमातिसने. त्याने ते अथेन्सहून मागवले होते आणि ते नेमके बोझेनाच्याच बोटीने आले. स्तमातिसची गाडी माझी सख्खी बहीण शोभावी अशी, माझ्याच शेजारी उभी होती. त्याने मुकुटांचा डबा तिच्या मागच्या सीटवर ठेवला, ऊन लागू नये म्हणून वर कोट टाकला, किल्ली चटईखाली सारली आणि तो कॉफीच्या दुकानात शिरला. लग्नातल्या मानकऱ्याला घोटभर घेतल्याशिवाय कोण सोडतंय?

तेवढ्यात बोझेना बॅग ओढत आली. पांढरी गाडी, दार उघडं, चटईखाली किल्ली. ती बसली आणि गेली. आमच्या दोघींत तिला जवळची वाटली ती मी नव्हते, एवढाच काय तो फरक.

थोड्या वेळाने स्तमातिस गाणं गुणगुणत आला आणि माझ्यात बसला.

"सीट कुणी पुढे ओढली?" म्हणून करवादला, पण मागे वळून बघेल तर शपथ. मी खोकले, झटके दिले, दोनदा बंद पडले. त्याने मलाच शिव्या घातल्या आणि डोंगरावरच्या चर्चपाशी नेऊन उभं केलं.

"मुकुट?" पांडेलिसने विचारलं.

"मागे आहेत."

पांडेलिसने मागचं दार उघडलं. मग तो माझ्याभोवती एक चक्कर मारून आला.

"स्तमातिस, ही माझी गाडी आहे."

"मग माझी कुठाय?"

"पोलिश बाईंकडे."

"किल्ली चटईखाली ठेवायची अक्कल तुम्हाला कुणी दिली?"

"तू कुठे ठेवली होतीस?"

तोवर कालिरोई झगा सावरत बाहेर आली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही माझं लग्नच भाड्याने देऊन टाकलंत?" लोक हसले. तीही हसली, पण डोळ्यांतलं पाणी काही तिला लपवता आलं नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

डोंगरात फोन लागेना. पांडेलिस आणि स्तमातिस माझ्यात बसले आणि मी उतारावरून अशी सुटले, की तारुण्यातही कधी सुटले नव्हते. सूर्य समुद्राला टेकायला आला होता. एका वळणावर समोरून माझ्यासारखीच पांढरी गाडी वर येताना दिसली. आम्ही दोघी नाकाला नाक लावून थांबलो.

बोझेना खाली उतरली. दोन्ही हातांत तो डबा, देवाचा प्रसाद धरावा तसा. तिने काय केलं होतं? शहाण्या गिऱ्हाईकासारखं गाडीचे ओरखडे टिपून घ्यायला ती वाटेत थांबली होती, तेव्हा कोटाखाली डबा दिसला. तिने तो बेकरीवाल्या बाईला दाखवला. बाईने छातीवर क्रूस काढला आणि डोंगराकडे बोट केलं.

"एवढी स्वस्त गाडी, म्हणजे काहीतरी गोम असणार हे मला वाटलंच होतं," बोझेना म्हणाली. "पण त्यात लग्न असेल असं नव्हतं वाटलं."

रस्ता एवढा अरुंद, की मला वळायला जागा नव्हती. मग स्तमातिसने मान मागे वळवली आणि मला मागल्या पावली चढावर घेतलं. समोरून बोझेना, तिच्या शेजारी डबा मांडीवर घेतलेला पांडेलिस. चर्चच्या अंगणात मी पाठमोरी शिरले. मुकुट डोक्यांवर चढले तेव्हा समुद्रावर सूर्याची एवढीशी कड शिल्लक होती.

बोझेना त्या रात्री सगळ्यांबरोबर हातात हात गुंफून नाचली, तिने बोकडाचं मटण खाल्लं, वाइन प्यायली. सकाळी निघताना तिने लग्नात पाहुण्यांना वाटलेल्या बदामांच्या पुडीची पांढरी फीत सोडून माझ्या आरशाला बांधली, पुन्हा चूक नको म्हणून. यापुढे गाड्यांना कुलूप लावायचं, असं सगळ्या बेटाने त्या दिवशी ठरवलं. आठवडाभरात सगळ्या किल्ल्या परत चटईखाली.

आता मी म्हातारी झाले आहे. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्लाय, चढावर धाप लागते. कालिरोईचा मुलगा त्या फितीला लोंबकळून तिची पार दोरी करून ठेवतो. पण अजून मी धक्क्यावर उभी असते आणि अजूनही सगळ्यात स्वस्त मीच. कधी आलात तर घाबरू नका, फीत बघून मला ओळखा, किल्ली तुम्हाला ठाऊकच आहे. फक्त निघण्याआधी मागच्या सीटवर कुणाचं लग्न ठेवलेलं नाही ना, एवढं एकदा बघून घ्या.