स्थानिक इंगळेबाई

इंग्रिड नावाची बाई डेन्मार्कहून धारूरला आली आणि आठवड्याभरात तिची इंगळेबाई झाली. यात कुणाचा काही डाव नव्हता. त्या भागात इंगळ्यांची घरं मोप, आणि जिभेला सवयीचं नाव सोपं पडतं. किराणा दुकानदार, एसटीचा कंडक्टर, तालुक्याचे साहेबलोक, सगळेच इंगळेबाई म्हणायला लागले आणि बाईही वळून बघायला लागल्या. पुढे घाटनांदूरच्या एका इंगळे घराण्यानं लग्नात त्यांना भावकीत बसवून साडी दिली. बाईंनी ती नेसली, आणि मानपानावरून मुलाकडच्यांशी थोडं भांडूनही घेतलं.

अभिमन्यूचं उलटं झालं. तो पाटोद्याचा, म्हणजे जिल्ह्यातलाच. डेन्मार्कच्या संस्थेनं धारूरच्या घाटाखालच्या वाड्यांत पाणी अडवायचं काम काढलं, तेव्हा इंग्रजी येणारा माणूस म्हणून तो लागला. इंग्रजी बोलता बोलता तो बिनदुधाची कॉफी प्यायला लागला, वाईट बातमी ऐकली की 'इंटरेस्टिंग' म्हणायला लागला, आणि बायकोनं काही विचारलं तर 'यावर आपण नंतर येऊ' असं सांगायला लागला. वाड्यांवर त्याला साहेब म्हणत. इतकी वर्षं झाली तरी तिथली कुत्री त्याच्यावर भुंकत.

हनुमानवर भुंकत नसत. हे अभिमन्यूला फार लागायचं. हनुमान त्याच्याबरोबरच संस्थेत लागला होता, हुद्दा सारखा, पगार सारखा. हनुमानला इंग्रजीत 'येस' एवढंच यायचं, आणि नाही म्हणायचं असलं तरी तो तेच म्हणायचा. पण तो वाडीत शिरला की प्रत्येक ओसरीवरून चहाला हाक यायची, आणि कुत्री शेपूट हलवत त्याला पुढच्या ओसरीपर्यंत पोचवायची. अभिमन्यूनं एकदा गुपचूप बिस्किटाचे पुडे नेऊन पाहिले. कुत्र्यांनी बिस्किटं खाल्ली, आणि मग भुंकली.

अशात डेन्मार्कहून कळवण्यात आलं की जग बदललं आहे. आतापर्यंत पैसा तिकडून यायचा आणि तो कशावर खर्चायचा हेही तिकडूनच यायचं. आता कारभार इथल्या माणसांच्या हाती द्यायचा. इंगळेबाईंनी मायदेशी परतायचं, त्यांच्या खुर्चीत स्थानिक संचालक बसेल, त्याला स्थानिक लोक निवडतील, आणि तिकडचे लोक फक्त ऐकतील. अभिमन्यूनं हे सगळ्यांना मराठीत करून सांगितलं. सांगता सांगताच त्याच्या लक्षात आलं की स्थानिक म्हणजे आपणच. त्यानं त्याच दिवशी शिंप्याकडे जाकीट शिवायला टाकलं.

संस्थेचं ऑफिस खाजामियाँच्या माडीवर होतं. खाली खाजामियाँ पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देत, आणि गावात काय चाललंय ते फुकट सांगत. त्यांनी जिन्याशी अभिमन्यूला थांबवलं आणि हनुमाननंही जाकीट टाकल्याचं सांगितलं.

"त्याच शिंप्याकडं," ते तांब्याची तार गुंडाळत म्हणाले. "त्याचं कापड जरा भारीचं हाय मनतेत."

अभिमन्यूला त्या दिवशी जेवण गेलं नाही. खुर्ची आपल्याला मिळाली नाही तर, असा विचार त्यानं करून पाहिला. तो सहन झाला. खुर्ची हनुमानला मिळाली तर, हा विचार मात्र अर्ध्यावर सोडून त्याला अंगणात फेऱ्या माराव्या लागल्या. बाई वर होत्या तेव्हा त्याला कधी काही वाटलं नव्हतं. परकं माणूस वर असायचंच, त्याची सवय असते. पण हनुमान त्या फिरत्या खुर्चीत बसणार, आणि बसल्या बसल्या एक गिरकी घेणार, याची त्याला खात्री होती.

निवडीची बैठक वाडीच्या मारुती मंदिरात ठरली. अभिमन्यूनं लेखी हरकत घेतली की एका उमेदवाराचं नाव हनुमान असताना मारुतीच्या देवळात निवड घेणं न्यायाला धरून नाही. बाईंनी विचार केला आणि हरकत मान्य केली. बैठक शाळेत गेली. बाई मात्र लोकांवर आपलं दडपण नको म्हणून मुद्दाम घाटनांदूरला निघून गेल्या.

शाळेच्या पडद्यावर डेन्मार्कची मंडळी दिसत होती. मधोमध लार्स नावाचे नवे प्रमुख. वाडीनं त्यांचे तिथल्या तिथे लाडसाहेब केले. ते भारतात कधी आलेले नव्हते, पण भारताबद्दल त्यांच्या डोळ्यांत आदर होता. दुभाषा अभिमन्यू. उमेदवारानंच दुभाष्याचं काम करावं का, असा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण दुसऱ्या कुणाला इंग्रजी येत नव्हतं.

पलीकडच्या वाडीच्या बबनरावांनी अभिमन्यूचं नाव सुचवलं. सकाळी त्यानंच त्यांना मोटारसायकलवरून आणलं होतं. मागच्या बाकांवरून हनुमानचं नाव आलं. मग बचत गटांच्या अध्यक्ष छबुबाई पदर खोचत उठल्या.

"आमचं तर इंगळेबाई," त्या म्हणाल्या.

बबनरावांनी त्यांना समजावलं की बाई तर चालल्या, आता स्थानिक माणूस पाहिजे.

"मंग त्या कुठल्या हायेत? माझ्या सुनंचं बाळंतपण अडलं तवा जीप कुणी काढली? ठेचा खाऊन डोळ्याला पाणी न आणणारी बाई हाय ती. स्थानिक अजून कशाला मनतेत?"

"आन् साहेब कावून नको?" बबनरावांनी मोटारसायकलला जागून विचारलं.

"साहेब लई चांगले हायेत. पण ते बाहेरचे. पाटोद्याचे."

हे साऱ्या शाळेला पटलं. हात वर झाले. अभिमन्यूसाठी बबनरावांचा एक, तोही कोपरापर्यंतच. हनुमानसाठी मागच्या बाकांवरचे बरेच. आणि इंगळेबाईंसाठी उरलेले सगळे, शिवाय आधी हनुमानसाठी वर झालेल्यांपैकी काही. खुद्द हनुमाननं बाईंसाठी दोन्ही हात वर केले.

लाडसाहेबांनी विचारलं की कोण निवडून आलं. अभिमन्यूनं नाव सांगितलं. लाडसाहेबांनी विचारलं की या इंगळेबाई कोण.

खरं उत्तर अभिमन्यूच्या जिभेवर तयार होतं: त्या तुमच्याच, इंग्रिड. पण एवढं बोललं की निवड रद्द होणार आणि पुढचं नाव घेतलं जाणार. पुढचं नाव मागच्या बाकावर बसून शेंगा खात होतं, आणि त्याचं जाकीट खरोखर भारीच्या कापडाचं होतं.

"इथल्याच आहेत," अभिमन्यूनं इंग्रजीत सांगितलं. "वर्षानुवर्षं बायकांमध्ये काम करतात. शेतकरी त्यांचा शब्द मोडत नाहीत."

त्यांना इंग्रजी येतं का, असं तिकडून आलं.

"जमतं थोडंफार."

लाडसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग तिकडचे सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. छबुबाई शेजारणीला म्हणाल्या की बघ, बाईवर तिकडच्यांचाबी किती जीव हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिमन्यू ऑफिसात आला तर बाई दारातच उभ्या होत्या, हातात फोन, त्यावर डेन्मार्कचा निरोप.

"मला सांगितलंय, सगळ्या चाव्या इंगळेबाईच्या हातात द्या," त्या म्हणाल्या. "आन् जमलं तर चाव्या देताना दोघींचा संग फोटो काढा. हे काय हाय, अभिमन्यू?"

"इंटरेस्टिंग," अभिमन्यू म्हणाला.

"कावून केलंस?"

खाली खाजामियाँची हातोडी थांबली. अभिमन्यूनं लोकांच्या इच्छेपासून सुरुवात केली. मग लोकशाहीवर आला, मग भाषांतरातल्या अडचणींवर. बाई नुसत्या बघत राहिल्या. शेवटी तो थकला.

"हनुमानला मिळू नये म्हणून."

बाई त्या फिरत्या खुर्चीत बसल्या.

"वाचलं तवा मला लई बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "वाटलं, गप बसावं. तो हितं बसलाय असं डोळ्यापुढं आलं की माझंबी पोट दुखतंय."

"कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत त्याच्यावर."

"माझ्यावर पयल्यांदा भुंकायची," बाई म्हणाल्या. "आता न्हाई भुंकत."

मग दोघं मयताच्या घरी बसावं तसे बसले. हनुमानच्या चहाबद्दल बोलले, त्याच्या मोठ्या हसण्याबद्दल बोलले, त्याला सगळ्यांच्या लेकरांची नावं कशी पाठ असतात याबद्दल वाईट बोलले. अभिमन्यूला इतक्या वर्षांत कुणाशी बोलून एवढं हलकं वाटलं नव्हतं. मग बाई उठल्या, खिडकीशी गेल्या, आणि त्यांनी डेन्मार्कला फोन लावून सांगितलं की इंगळे म्हणजे मीच.

लाडसाहेबांना ते पटेना. त्यांना वाटलं, बाईंना सत्ता सोडवत नाही म्हणून त्या एका गरीब स्थानिक महिलेचं नाव लाटतायत. त्यांनी खऱ्या इंगळेबाईंच्या सुरक्षेची चौकशी केली. शेवटी छबुबाईंना पडद्यासमोर आणावं लागलं. त्यांनी बाईंच्या पाठीवर थाप मारून 'हीच ती' असं सांगितलं, आणि ते एकच वाक्य अभिमन्यूनं भीत भीत, जसंच्या तसं इंग्रजीत केलं.

हनुमान संचालक झाला. पुढच्या बैठकीला तो नवं जाकीट घालून खुर्चीत बसला. अभिमन्यू शेजारच्या स्टुलावर, दुभाषा. बाई बांधलेल्या सामानावर. लाडसाहेबांनी अदबीनं विचारलं की या नव्या भागीदारीत तुमची पहिली अपेक्षा काय.

हनुमाननं गिरकी घेतली नाही. त्यानं हात टेबलावर ठेवले.

"त्यांना सांग," तो म्हणाला, "काम आमी करू, चुकलं तर आमी सांगू. पण हितून पुढं बोलणं मराठीत. आमी आमच्या भाषेत बोलू, समजून घ्यायचं काम तुमचं. दुभाषा तुमी बघा." मग अभिमन्यूकडे वळून, "नीट सांग बे. तुझं काम जाणार हाय यात, मला कळतंय. पण सांग."

अभिमन्यूला कळलं की या ऑफिसात आपल्याजवळ जे काही होतं ते आत्ता संपलं. यातलं काहीही तो बदलू शकत होता. नुसतं धन्यवाद म्हणून बसला असता तरी समोरच्यांनी मान डोलावली असती आणि बाजूच्या हनुमाननंही. बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्या ओळखणार होत्या, पण बोलल्या नसत्या.

अडचण एवढीच होती की वाक्य चांगलं होतं. स्थानिकांच्या हाती कारभार यावर इतकी चर्चासत्रं झाली, त्या प्रत्येकात अभिमन्यू होता, आणि हे कुणालाच सुचलं नव्हतं. त्यालाही नाही. हनुमानला सुचलं. खुर्ची गेल्याचं दुखलं नव्हतं इतकं हे दुखलं.

मग त्याला जे करता येत होतं ते त्यानं केलं. तेच वाक्य त्यानं इंग्रजीत घेतलं, हनुमानपेक्षा सावकाश, हनुमानपेक्षा ठाम. जिथे हनुमान नुसता बोलला होता तिथे तो थांबला, आणि 'समजून घ्यायचं काम तुमचं' म्हणताना त्यानं पडद्याकडे असं पाहिलं की लाडसाहेब खुर्चीत ताठ झाले. मग टाळ्या सुरू झाल्या.

त्या कुणासाठी आहेत, हे पडद्यावरून नीट कळत नव्हतं. हनुमान उठून उभा राहिला. अभिमन्यूही उठला, आणि कॅमेऱ्यापुढे जरा सरकला.