तृतीयेचा प्रत्यय

एम.ए.ला स्लाव्हिक भाषा आणि साहित्य घेतल्याचं धाकटीने घरी सांगितलं, तेव्हा मोठा भाऊ म्हणाला होता, "नाव सर्दीच्या गोळीचं वाटतंय!" बाबा हसले नाहीत. "पोटापाण्याचं काय?" एवढंच त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर तिला शेवटच्या सत्रातही सापडलं नव्हतं. विभाग बंद व्हायचा होता. बाकीच्या मुलांनी केव्हाच काढता पाय घेतला होता. उरली ती, आणि तिला पोलिश शिकवणारे सर. सर पोलंडचेच, तरुणपणी इथे येऊन राहिलेले. तिचा प्रबंध त्यांच्या टेबलावर वाचायला पडलेला असतानाच त्यांना पक्षाघाताचा झटका आला.

बातमी ऐकून तिच्या मनात आधी आलं, आता माझ्या तोंडी परीक्षेचं कसं? मग तिची तिलाच लाज वाटली.

हॉस्पिटलमधून सरांच्या मुलीचा फोन आला. ती दातांची डॉक्टर. "बाबा शुद्धीवर आलेत, पण इथली भाषा पार गेली त्यांची. नुसतं पोलिश बोलतायत. येशील का?"

"तुम्हाला येत नाही?"

"घरात कधी बोललेच नाहीत गं ते."

धाकटी पोचली तेव्हा मुलगी सरांचा डावा हात धरून बसली होती. उजवा चादरीवर नुसता पडला होता. धाकटीने पोलिशमध्ये हाक मारताच सरांनी मान वळवली आणि ते घाईघाईने म्हणाले, "ही बाई कोण? माझा हात सोडत नाही. हिला जायला सांगा, मला भीती वाटते."

"काय म्हणाले?" मुलीने विचारलं.

धाकटी म्हणाली, "तुम्ही आलात म्हणून बरं वाटलं, म्हणतात."

मुलीचे डोळे भरून आले. तिने हात आणखी घट्ट धरला. सर तो सोडवायला धडपडू लागले, आणि जमेना तेव्हा हुंदके देऊन रडू लागले. धाकटीला ते बघवेना.

"ताई, हात सोडा. मी खोटं सांगितलं. त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही. ते घाबरलेत."

मुलीने हात सोडला. ती खाटेपासून मागे सरकली. मग म्हणाली, "मी तुमची मुलगी आहे, हे कसं म्हणायचं? शिकव मला."

व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिने ते वाक्य घोकलं. आत जाऊन, खाटेपासून दोन हात लांब उभी राहून म्हणाली. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"शब्दाचा शेवट चुकला," ते धाकटीला म्हणाले. "आपल्या भाषेत 'आहे'बरोबर तृतीयेचा प्रत्यय लागतो. पुन्हा म्हणायला सांगा."

मुलीने पुन्हा म्हटलं. सरांनी समाधानाने मान डोलावली. वाक्य बरोबर आलं होतं. अर्थाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

तेव्हापासून मुलगी रोज त्यांची विद्यार्थिनी म्हणून येऊ लागली. दवाखाना उरकून यायची, वही उघडून समोर बसायची. विद्यार्थिनीची त्यांना भीती वाटत नव्हती. एकदा त्यांनी धाकटीला विचारलं, "ही मन लावून शिकते. हिच्या घरी कोणी बोलतं का पोलिश?" मुलीने अर्थ विचारला. धाकटीने या वेळी जसंच्या तसं सांगितलं. मुलगी वहीत डोकं घालून बसली.

महिनाभराने सर गेले. त्या सकाळी धाकटी तिथे नव्हती. तिची तोंडी परीक्षा दुसऱ्या प्राध्यापकांनी घेतली, ती चांगल्या गुणांनी पास झाली, आणि त्याच आठवड्यात विभागाच्या दाराला कुलूप लागलं. भावाने पेढे आणले. तिने पुडा उघडलाच नाही.

नंतर ती सरांच्या मुलीला तिच्या दवाखान्यात भेटायला गेली. विचारू की नको करत शेवटी विचारलंच, "शेवटी काही म्हणाले का?"

मुलगी हातमोजे काढत होती. "पाणी मागितलं. तेवढं कळलं मला," ती म्हणाली. "मी दिलं. मला 'धन्यवाद, बाई' म्हणाले."

बाहेरच्या बाकावर गाल सुजलेला एक माणूस ताटकळला होता. मुलीने नवे हातमोजे चढवले आणि त्याला आत बोलावलं.