ताईचा आडोसा

चिमीचा नवरा घर सोडून गेला, त्याला दोन महिने झाले होते. ती ज्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायची, तिथे तिने त्याची बदली झाल्याचं सांगितलं होतं. खरं काय ते एकट्या ताईला ठाऊक होतं.

"चल माझ्याबरोबर," ताई म्हणाली. "मला फोटो मिळतील, तुला हवापालट." परक्या गावी जाऊन रस्त्यावरच्या माणसांचे त्यांच्या नकळत फोटो काढायचे, हेच ताईचं काम.

कॅमेरा रोखला की माणसं सावध होतात, म्हणून चिमीने पुढे उभं राहायचं असं ठरलं. बघणाऱ्यांना वाटणार, बहीण बहिणीचा फोटो काढतेय. आणि ताई चिमीच्या खांद्यावरून मागचा न्हावी टिपणार, भाजीवाली टिपणार.

"मी उभी कशी राहू?"

"कशीही राहा. तू फोटोत येतच नाहीस. तू आपला माझा आडोसा."

चिमीला हायसं वाटलं. चारचौघांत चेहरा सांभाळून ती थकली होती. इथे बसथांब्यावर, मासळीबाजारात ती हवी तशी उभी राहिली. एकदा चपलांच्या दुकानासमोर, काचेतले पुरुषी बूट पाहून तिला रडूच फुटलं.

"हलू नकोस," ताई म्हणाली, "मागे म्हातारा झक्क बसलाय."

नाक वाहत होतं, तरी चिमीने पुसलं नाही.

गावात ताईच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं तेव्हा ती दवाखान्यातल्या नर्सला मोठ्या कौतुकाने घेऊन गेली. भिंतींवर न्हावी नव्हता, भाजीवाली नव्हती. सगळीकडे चिमीच होती. मधोमध, खिडकीएवढ्या चौकटीत, वाहत्या नाकाची चिमी. म्हातारा म्हणजे मागचा एक पुसट डाग. खाली पाटी होती: 'तो गेल्यावर'.

"अगं, पण तुझे मिस्टर तर बदलीवर..." नर्स बोलता बोलता थांबली.

चिमीने ताईला गाठलं. "मी फोटोत येत नाही म्हणाली होतीस."

"सांगितलं असतं तर तू रोजचा हसरा चेहरा लावला असतास. बघ ना, किती खरी दिसतेयस."

"उतरव तो."

"आज कसा उतरवू, चिमे? लोक त्याच्याचसाठी आलेत."

परक्याने केलं असतं तर चिमीने चार शिव्या हासडल्या असत्या. इथे सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला होता. तिने कोपऱ्यातली खुर्ची ओढली, वर चढली आणि चौकट खिळ्यावरून काढली.

"चिमे, सगळे बघतायत."

"बघू देत. बघायलाच बोलावलंस ना त्यांना?"

चौकट जड होती. नर्सने दुसरं टोक धरलं. दोघी ती घेऊन तशाच रस्त्याने घरी चालत आल्या. वाटेत चिमीने नवऱ्याचं सगळं सांगून टाकलं. नर्स म्हणाली, "आम्हाला अंदाज होता गं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

सकाळी ताईने बेल वाजवली. चिमी दाराशी गेली, कडीला हात लावला.

"चिमे," ताईने बाहेरून विचारलं, "फोटोची काच शाबूत आहे ना?"

चिमीने हात मागे घेतला आणि आत जाऊन चहा ठेवला, एकटीपुरता.