चारशे कात्र्या

माझ्या हातून चूक झाली आणि तरी काहीच बिघडलं नाही, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. एका कात्रीचं डावं पातं मी चुकून दुसऱ्याच कात्रीच्या उजव्या पात्याला लावलं होतं. स्क्रू आवळला, चिंधीवर चालवून पाहिली, तर सर्रकन कापून मोकळी!

आता ज्याला कात्र्यांतलं काही कळत नाही तो म्हणेल, बरंच झालं की. बरं कसलं, डोंबल! सव्वीस वर्षं मी या कारखान्यात पाती जोडतेय. माझा धाकटा भाऊ भट्टीवर असतो, ऐरणीवर ठोकून ती घडवतो. हातानं घडवलेलं पातं कधी केसभर इकडे वाकतं, कधी तिकडे. म्हणून धाकटा एक पातं समोर ठेवून त्याचा जोडीदार घडवतो आणि दोघांच्या आतल्या अंगाला एकच आकडा कोरतो. त्या जोडीची फाटाफूट केलीत की कात्री कापड कापत नाही, चावते. आणि इथे कुणीही कुणालाही चालत होतं. म्हणजे ही पाती धाकट्याच्याच काय, कुठल्याच माणसाच्या हातची नव्हती.

अशी तीन खोकी मी दोन दिवसांत जोडून मोकळी झाले होते. शेजारच्या गावातल्या कारखान्यातून घडवून आणलीत, घाईत आकडे कोरायचे राहिले म्हणून जोड्या दोऱ्यानं बांधून पाठवल्यात, असं मालक म्हणाले होते आणि मी बावळटासारखा विश्वास ठेवला होता. चौथ्या खोक्याच्या तळाशी हात घातला तर एक कपटा निघाला. त्यावर परदेशातल्या कुठल्याशा कारखान्याचं नाव छापलेलं. तो मुठीत धरून मी तडक मालकांच्या खोलीत शिरले.

“हे शेजारचं गाव का?”

मालकांनी कपटा पाहिला आणि आधी दार लावून घेतलं. “हळू बोल.”

“का म्हणून हळू बोलू?”

“तोंड आहे का तोफखाना तुझं? अगं, तुझ्याच भावाचा हात भाजला ना? महिनाभर भट्टी थंड. ऑर्डर बाराशेची, झाल्या आठशे. उरलेल्या चारशे काय आभाळातून पडणार होत्या?”

“पण ती ऑर्डर आपल्याला मिळालीच मुळी इथे बनलेल्या मालासाठी! इथल्या माणसांना काम मिळावं म्हणून सरकारनं शिवणशाळांना आपल्याकडूनच घ्यायला सांगितलंय. तुम्हीच तर कारखानाभर नाचत सांगत होतात.”

“म्हणूनच सांगतोय, गप्प बस. अकराला खरेदीच्या बाई येतायत तपासायला. चौदा माणसं आहेत इथे. कुणाच्या पोटावर पाय देऊ नकोस.”

मी दार आपटून बाहेर आले. धाकटा आजच कामावर आला होता. उजव्या हाताला अजून पट्टी, त्यामुळे डाव्या हातानंच भट्टीतली राख काढत होता. मी त्याच्यापुढे कपटा धरला. त्यानं तो नीट पाहिलाही नाही.

“तुला माहीत होतं?”

“सकाळी खोक्यातलं एक पातं हातात घेतलं, तेव्हाच कळलं.”

“आणि मूग गिळून बसलास?”

“मग काय करू, ताई? हात माझा भाजला. माझ्यापायी ऑर्डर गेली तर ही सगळी माणसं उद्या माझ्या तोंडाकडे बघतील. आजचा दिवस तोंडाला कुलूप लाव. माझी शपथ आहे तुला.”

शपथ म्हणे! लहानपणी पाटी फोडली तरी शपथ, आताही शपथ. मी टेबलाशी जाऊन बसले. पाना उचलला आणि पुन्हा आपटला. त्याला एवढं कळत नव्हतं का, की आज चारशे खपल्या तर पुढच्या खेपेला आठशे येतील, त्याच्या पुढच्या खेपेला बाराशे? मग कोळसा हवा कशाला आणि तो तरी हवा कशाला? सेहेचाळीस वर्षांचा माणूस. लोखंड तापवण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नाही. घरी खिळा ठोकायला सांगितला तर भिंत पाडून ठेवतो. ती भट्टी विझली की तो संपलाच. माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं.

अकराच्या ठोक्याला बाई आल्या. मला वाटलं होतं कुणी तोऱ्यातली असेल. ही तर अगदी साधी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. चहा नको म्हणाली, खुर्ची नको म्हणाली, माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसली.

“मीही आधी शिवणच शिकवत होते,” त्या म्हणाल्या. “कात्री चांगली नसली की अंगठा कसा सुजतो ते मला विचारा. इथल्या कात्र्या घ्यायच्या म्हणून मीच भांडले वर. म्हटलं, मुली आपल्या, त्यांच्या हातातली कात्रीही आपल्याच माणसांची असू दे.”

ती खोटारडी असती, नुसती सही ठोकून जाणारी असती, तर बरं झालं असतं.

त्यांनी वरच्या खोक्यातून एक कात्री काढली, चालवली. मग खालच्या खोक्यातून एक काढली. पुन्हा पहिली. पुन्हा दुसरी.

“हिचा आवाज वेगळा येतो का हो?”

मालक घाईघाईनं हसले. “नवं तेल घातलंय, बाई. दुसरं काही नाही.”

“असेल.” त्यांनी पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. “इथे सगळ्यात जुन्या कारागिराची सही लागते. हा माल माझ्या देखत याच कारखान्यात तयार झाला, एवढंच लिहिलंय. तुम्हीच ना जुन्या?”

पॉलिशचं यंत्र थांबलं. म्हणजे कुणीतरी थांबवलं. चौदातल्या सगळ्यांना एव्हाना कुणकुण लागली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. खोकी बांधणारी, नवऱ्यामागे दोन मुलींना एकटीनं वाढवणारी, हातात सुतळी धरून माझ्याकडे बघत उभी होती. भट्टीजवळून धाकटा मान हलवत होता. नको, ताई. नको.

बाईंनी पेन पुढे केलं. मी घेतलं. टोक कागदाला लावलंसुद्धा.

“नाही,” मी म्हणाले.

“काय नाही?”

“यातल्या चारशे आमच्या नाहीत.”

मालक काहीतरी बोलायला लागले. मी त्यांना बोलू दिलं नाही. खालच्या खोक्यातल्या दोन कात्र्यांचे स्क्रू काढले, पात्यांची अदलाबदल केली, चिंधी कापून दाखवली. मग आमच्या दोन काढल्या, त्यांचीही तशीच अदलाबदल केली. चिंधी पात्यांमध्ये चेंबून बसली, कापायचं नाव नाही. “बघा,” मी म्हणाले. “हे आमचं. माझ्या भावाच्या हातचं. आणि हे बाहेरचं. आठशे घ्या, चारशेला मुदत द्या. भाऊ आजपासून कामावर आलाय. पण हे इथलं म्हणून नेऊ नका.”

खोकी बांधणारीनं तोंडाला पदर लावला. आता बाई उठणार, ऑर्डर फाडणार आणि ही माणसं जन्मभर माझ्या नावानं बोटं मोडणार, असंच मला वाटलं.

बाई उठल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक पुस्तिका काढली, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं.

“जोडणी कुठे झाली?”

“इथेच. मीच केली.”

“धार? शिक्का?”

“तेही इथेच.”

“मग चालतंय, ताई.” त्या चष्मा काढून पुसत म्हणाल्या. “नियमात लिहिलंय, शेवटची जोडणी जिथे झाली तिथला माल धरायचा. तुम्ही स्क्रू आवळलात ना? म्हणजे इथलाच.”

आधी कुणाला कळलंच नाही. मग खोकी बांधणारी रडायलाच लागली, पॉलिशवाले काका “वाचलो रे बाबा!” म्हणून मटकन खाली बसले. माझ्या पाठीवर कुणीतरी थाप मारली. मीही हसले असेन. खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं.

मालक मात्र हसत नव्हते. ते पुस्तिकेकडे बघत होते.

“म्हणजे बाई,” त्यांनी सावकाश विचारलं, “सगळीच पाती बाहेरून आणली, तरी?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भट्टीकडे.

“कागदावर... हो,” त्या म्हणाल्या. “पण आमचा हेतू तसा नाही.”

“नाही नाही, नुसतं विचारलं,” मालक म्हणाले, आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

मी कप घेऊन धाकट्याकडे गेले. तो राख भरत होता.

“मी तुझ्यासाठीच बोलले रे.”

“माहितेय.” त्यानं फावडं भिंतीला टेकवलं. “तू खरं तेच बोललीस. पण मालकांना हे ठाऊक नव्हतं, ताई. पकडले जाऊ या भीतीनं तरी त्यांनी भट्टी चालू ठेवली असती.”

तो रागावला असता तर मी भांडले असते. तो रागावला नाही. मला माझीच जीभ तोडून टाकावीशी वाटली.

तीन महिन्यांत भट्टी बंद झाली. चौदाचे आम्ही सहा उरलो. माझी खुर्ची गेली नाही, उलट तिला नवी गादी आली. आता मी स्क्रू आवळते म्हणूनच तर माल इथला ठरतो ना! धाकटा एका गोदामाच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहितो. घरी आला की त्याची बायको आणि मी बडबडत राहतो, तो ऐकत बसतो.

गेल्या आठवड्यात मालकांनी मला बोलावलं. मालाच्या पुस्तिकेसाठी फोटो काढायचे होते. “आपल्या माणसांच्या हातची कात्री, असं वर छापणार आहोत. भट्टीशिवाय शोभा नाही येत गं. तुझ्या भावाला एका सकाळपुरतं बोलाव.”

तो येणार नाही अशी माझी खात्री होती. आला. इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला, जुना घातला, कोळसा स्वतः निवडून भरला. स्वतःच भाता ओढला, लोखंड लाल झालं तसं सांडशीत धरून ऐरणीवर घेतलं. फोटोवाला म्हणाला, “जरा वर बघा, हसा.” यानं पाहिलं नाही. ठिणग्या उडत होत्या, फोटोवाला खूश.

“झालं!” फोटोवाला म्हणाला. “छान आलेत.”

“बस, बस, पुरे रे,” मालक म्हणाले.

“गरम आहे अजून,” धाकटा म्हणाला आणि ठोकत राहिला.

फोटोवाल्यानं सामान आवरलं, तो गेला. मालकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. पात्याचा आकार दिसायला लागला होता. ते काळं पडलं तसं धाकट्यानं पुन्हा कोळशात खुपसलं, आणि सवयीनं, मान वर न करता म्हणाला, “हवा दे.”

भात्यावरचा माणूस कधीच कामावरून गेला होता. मालक माझ्याकडे बघत होते, टेबलावर सत्तर कात्र्या स्क्रूची वाट बघत पडल्या होत्या. मी पाना खाली ठेवला, जाऊन भात्याचा दांडा धरला आणि ओढायला लागले.