लुडगर ब्रेनेकेचा गळपट्टा

मी एक राखाडी लोकरीचा गळपट्टा. चांगला चार हात लांब. ज्या गळ्याभोवती माझं आयुष्य गेलं, त्या गळ्याच्या मालकाबद्दल माझं मत मुळीच चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मला विणलं हेडविग लेविन बाईंनी. एल्बे नदीकाठच्या आमच्या शहरातल्या ऑपेरात त्या पियानोवर बसून गायकांकडून भूमिका घोटून घ्यायच्या. लुडगर ब्रेनेके हा तिथला टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा नायक. खाटकाचा मुलगा. छाती भात्यासारखी, आवाज खणखणीत, पण स्वरलिपीच्या बाबतीत ठार अडाणी. बाई त्याला एकेक ओळ लहान मुलाला घास भरवावा तशी भरवायच्या. एका हिवाळ्यात तो खोकत आला, तेव्हा त्यांनी मला विणून त्याच्या गळ्यात घातलं.

त्या दिवसापासून तो गळा म्हणजे जणू देव्हारा झाला. सकाळी कच्चं अंडं, दुपारी कांद्याचा रस. प्रयोगाच्या दिवशी घरात मौनव्रत. बायकोशी, ओटिलीशी, बोटांनी बोलायचा. एक बोट म्हणजे कॉफी आण, दोन बोटं म्हणजे खिडकी लाव, मूठ म्हणजे तू फार बडबडतेस.

"देवा, यांचा प्रयोग रोज असता तर!" ओटिली शेजारणीला म्हणायची.

रंगमंचावर तो दर आठवड्याला प्रेमासाठी प्राण द्यायचा. विंगेतल्या खुंटीवरून मी बघायचो. मरून पडल्यावरही स्वारी एक डोळा किलकिला करून पुढच्या रांगेत कोण रडतंय ते पाहून घ्यायची.

एकोणीसशे तेहतीस सालचा वसंत आला. राज्य बदललं होतं, नाट्यगृहाचे संचालकही बदलले होते. एका सकाळी त्यांनी सगळ्यांना तालमीच्या दालनात बोलावलं. लेविन बाई नेहमीसारख्या पियानोपाशी बसल्या होत्या.

"मंडळी, उद्यापासून लेविन बाई येणार नाहीत," संचालक म्हणाले. "त्या ज्यू आहेत. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाला काही म्हणायचंय?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. उभा राहिला फक्त कोर्बिनियान झील. दुय्यम भूमिका करणारा, टक्कल पडलेला, पाच पोरांचा बाप.

"मला म्हणायचंय," झील म्हणाला. "या बाईंनी आम्हाला गातं केलंय. त्या जाणार असतील, तर हे लाजिरवाणं आहे." मग तो माझ्या मालकाकडे वळला. "लुडगर, तू बोल. तिकिटं तुझ्या नावावर खपतात. तुझं ते ऐकतील."

लुडगरने हळूच मला दोन बोटांनी वर ओढलं. गळ्याकडे खूण केली आणि मान हलवली. घसा बसलाय.

"अरे, मघाशी जिन्यात कोट झटकणाऱ्या नोकरावर खेकसत होतास की!" झील ओरडला.

लुडगरने डोळे मिटून घेतले. माझ्या खाली त्याची नाडी सशासारखी उडत होती. एक सांगतो, तो गळा त्या दिवशी ठणठणीत होता.

लेविन बाईंनी पियानोचं झाकण लावलं. जाताना त्या त्याच्यापाशी थांबल्या. "संध्याकाळी तिसऱ्या अंकात श्वास आधी घे, लुडगर," त्या म्हणाल्या. "तिथे तू नेहमी घाबरतोस."

संध्याकाळी त्याने श्वास आधी घेतला. सूर असा लागला की लोक उभे राहिले. आणि हा माणूस विंगेत येऊन, स्वतःच्याच गाण्याने हेलावून, मला तोंडाशी धरून रडला! माझ्या लोकरीला इतकी किळस कधी आली नव्हती.

झीलला त्याच आठवड्यात काढलं. पुढे त्याला धरून नेलं, तो परत आला नाही. लेविन बाई लंडनला निघून गेल्या. लुडगरला मग नवी भूमिका शिकवायला कुणी उरलं नाही. तेच चार नायक तो गात राहिला. आवाज चिरका झाला तसा सिनेमात गेला, गाणारे गाडीवान आणि हसरे सराईवाले करू लागला. युद्ध संपल्यावर तो सगळ्यांना सांगायचा, "मी? मी तर त्यांच्या तोंडावर विरोध केला होता." सांगून सांगून ती गोष्ट मुरांब्यासारखी मुरली.

त्याच्या साठीनिमित्त रेडिओवाल्यांनी मुलाखत ठेवली. ध्वनिमुद्रण चालू होतं. "मी उभा राहिलो आणि म्हणालो, हे लाजिरवाणं आहे!" लुडगर गरजला. तेवढ्यात निवेदकाने हसत दार उघडलं. पाहुण्या म्हणून लंडनहून लेविन बाईंना बोलावलं होतं. त्यांनी बाहेर बसून सगळं ऐकलं होतं.

"बाई!" लुडगर हात पसरून उठला.

"बस," त्या म्हणाल्या. "ते शब्द झीलचे होते. त्याचं नाव घे, लुडगर. तेवढंच कर, मी जाते."

क्षणभर मला वाटलं, घेईल. तोंड उघडलं होतं त्याने.

"झील?" तो म्हणाला. "कोण झील?"

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्या मायक्रोफोनवर वाकल्या. "कोर्बिनियान झील," त्यांनी स्पष्ट उच्चारलं आणि निघून गेल्या.

प्रसारणाआधी तेवढा भाग कापून टाकला. उरलेलं शहराने कौतुकाने ऐकलं.

लुडगर गेल्यावर ओटिलीने मला शहराच्या संग्रहालयाला दिलं. आता मी काचेत आहे. खाली पाटी आहे: 'निर्भीड गायकाचा गळपट्टा'. शिक्षिका मुलांना माझ्यापुढे उभं करून टोप्या काढायला लावतात. कसर लागलीय मला, एका टोकाकडून रोज थोडा थोडा जातोय, आणि खरं सांगू, मला त्याचं दुःख नाही.

पण तुम्ही कधी या बाजूला आलात, तर पाटी वाचत बसू नका. काचेशी या आणि मोठ्याने म्हणा: कोर्बिनियान झील. पहारेकरी रागावेल. रागावू द्या.